चार इंचाच्या भिंतीपाशी सतरा दिवस

चिंचोटी फाटा

तलासरी आपल्याच जिल्ह्यात हाय, पन आमच्या आळीतल्या एकाही बाईनं ती बघितली नाय. तिकडं जमीन हलते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मी तिकडं सतरा दिवस राहून आली. आता जी भेटते ती विचारते, कसं हाय गो तिकडं, काय खातात, हलतं म्हंजे कसं हलतं. एकेकीला सांगून तोंड दुखलं म्हनून लिहायला बसली. माझी शाळा चौथीपर्यंत. वेलांट्या चुकतील, त्या तुमी समजून घ्या.

एस.टी. मला चिंचोटी फाट्यावर मिळाली. पिशवीत घरचा तांदूळ, सुकट, पोरांना खायला वाळवलेली सुकेळी, आनि फडक्यात गुंडाळलेला एक पितळी दिवा. तीन दिवसांची लुगडी. जास्त घेतली नाय, कारन मी राहायला निघाली नव्हती. मी माझ्या लेकीला घेऊन यायला निघाली होती.

सातिवलीचा फाटा आला तवा मी खिडकीतून तोंड फिरवलं. तिथल्या एका गाळ्यात माझी वनिता पुठ्ठ्याचे खोके भरायची. तिथंच तिला रमेश भेटला. तलासरीकडचा आदिवासी पोरगा, बाजूच्या गोदामात माल चढवायचा. तिनं घरी सांगितलं तवा तिचा बाप ओटीवर बसला होता. तो बोलला, "गेली तर गेली. हिचं नाव या घरात कोनी घ्यायचं नाय." मी चूल फुंकत होती. मी काय बोलली नाय. फुंकत राहिली.

त्याला अकरा वर्सं झाली. आमच्यात लेक आपल्या पायानं माहेरी येत नाय, कोनीतरी न्यायला जावं लागतं. आमच्याकडनं कोनी गेलं नाय. गेल्या साली तिचा बाप गेला, तवा ती आली आनि रस्त्यावर चिंचेखाली उभी राहिली. तिरडी उचलली, तिनं लांबनं हात जोडले आनि निघून गेली. दारात पाय ठेवला नाय. मी आत बायकांच्या घोळक्यात होती, मला मागनं कळलं.

मंग यंदा रमेशचा फोन आला. "आई, घर बांधतोय. आमच्याकडं हलतं ना, म्हनून येगळ्या पद्धतीचं बांधतोय. येऊन बघा." मी तवाच मनात धरलं. घर बघायचं तर बघू, पन जिथं जमीनच ठिकानावर नाय तिथं लेक ठेवायची नाय.

पाडा

तलासरीच्या पुढं टमटम मिळते. ती डांबरी संपेपर्यंत नेते, मंग चालायचं. दोन्ही बाजूला भात कापलेली कोरडी शेतं, मधी मधी ताडाची झाडं आनि त्यांना बांधलेली मडकी. आमच्याकडं खाडी म्हंजे कुठं बघितलं तरी पान्याची चमक दिसते. इकडं चमक नाय. मोह फुलायला लागला होता, त्याचा वास मात्र लांबपर्यंत येत होता.

वनिता अंगनात भांडी घाशीत होती. तिनं वर बघितलं.

"आलीस?"

"आली."

"चाय ठेवते."

अकरा वर्सांनी एवढंच. मी पायरीवर बसली. तिचे हात बघत होती. माझ्यासारखेच झालेत, बोटांची पेरं जाड. चाय कोरा, गवती पातीचा. दूध नाय घालत तिकडं. पयल्या दिवशी घशाखाली उतरला नाय, सतराव्या दिवशी दुसरा कप मागितला.

घर कुडाचं होतं. म्हंजे उभ्या कारवीच्या काटक्या बांधायच्या आनि दोन्ही अंगांनी शेनमाती लिंपायची. बाजूला निळ्या प्लास्टिकचा तंबू. मी विचारलं, हा कशाला. माझी नात चिमी पुढं आली. आठ वर्सांची. मी तिला पयल्यांदा बघत होती. ती बोलली, "झोपायला. रात्री हललं तर कौलं पडतात ना डोक्यावर. तू माझ्या आईची आई ना? मंग इतके दिवस कुठं होतीस?"

वनिता भांडी घाशीत राहिली. मी पिशवीतनं सुकेळी काढून चिमीच्या हातात दिली. तिनं वास घेतला आनि बोलली, "हे केळं मेलंय." मी बोलली, खाऊन बघ. मंग तिनं चार खाल्ली.

वनिताची सासू, म्हंजे माझी इहीनबाई, माझ्याच वयाची, पन काटक. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं माझ्यापुढं ताडीचा गिलास ठेवला. आमच्याकडं बाईनं सकाळी ताडी घेतली तर ती वाया गेली बोलतात. इकडं नाय घेतली तर पाहुनी रुसली बोलतात. मी अर्धा गिलास प्यायली. गोड होती. इहीनबाई बोलली, "तुमच्याकडची मानसं पान्यात राहून पन कोरडीच गो." मला हसू आलं. मंग तिनं नागलीची भाकर दिली, खुरासनीची चटनी दिली, आनि मी आनलेली सुकट चुलीत भाजली. तिच्या वासानं पाड्यातली तीन मांजरं आली.

गज आनि वड्या

कुडाच्या मागं नवं घर. म्हंजे तवा घर नव्हतंच, नुसते गज. पाया झाला होता आनि पायातनं गज वर आलेले, त्यांना बारीक सळ्यांची आडवी-उभी जाळी बांधलेली. इट एक पन दिसत नव्हती.

"भिंत कुठाय?" मी विचारलं.

"हीच भिंत," रमेश बोलला. "ह्याच्या दोन्ही बाजूला फळ्या लावायच्या आनि मधी सिमिट ओतायचं. चार इंच."

चार इंच म्हंजे माझी मूठ. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आमच्या घराची भिंत हातभर जाड हाय. मी वनिताला बोलली, "एवढ्याशा भिंतीत तू झोपनार? इथं? जमीन हलते तिथं?" ती बोलली, "बाईंना विचार. मला काय विचारतेस."

बाई म्हंजे इंजिनेर. तरनी मुलगी, डोक्याला टोपी, पायात मोठे बूट. पाड्यात अशी घरं कशी बांधायची ते ती शिकवायला येते, आठवड्यातनं दोनदा. मी तिला सरळ विचारलं, जाड भिंत चांगली का पातळ.

ती म्हणाली, "आजी, जमीन हलते तेव्हा घराला हिसका बसतो. घर जितकं जड, तितका हिसका मोठा. डोक्यावर भरलेलं घमेलं असताना कुणी धक्का दिला तर काय होतं? आणि रिकामं असताना?"

हे मला कळलं. माझं अर्धं आयुष्य घमेल्याखाली गेलं.

"पन पातळ वस्तू वाकते," मी बोलली. "सूप उभं करून बघा, राहतं का."

"एकटं नाही राहत. म्हणून ही भिंत एकटी ठेवायचीच नाही. कोपऱ्यात शेजारच्या भिंतीला गजांनी बांधायची, खाली पायाला, वर स्लॅबला. मग डबा होतो. डब्याचा पत्रा किती पातळ असतो, तरी दाबला तर दबत नाही." मंग तिनं मला दाराच्या कडेला नेलं. तिथं गज जाड होते आनि जवळजवळ, त्यांना कड्या बांधलेल्या. "आणि हे बघा. भिंत अशी लांबीत हलली की एक टोक उचलतं, दुसरं दाबलं जातं. मग उलट. सगळा मार टोकांना. हे टोक म्हणजे भिंतीचा कणा."

मी मान हलवली. ऐकलं सगळं, कळलं पन. तरी पुढं काय केलं ते सांगतेच.

तिकडं कामाला पाड्यातलीच मानसं. ती जाळी आनि फळी यांच्या मधी फुटक्या कौलाचे तुकडे कोंबत होती. मला राहवलं नाय. जाळी भिंतीच्या बरोबर मधोमध राहिली पाहिजे. एका अंगाला सरकली तर तिथं सिमिटाचा पापुद्राच राहतो, पानी शिरतं, गज गंजतो, आनि पापुद्रा फुटून पडतो. कौलाचा तुकडा सटकतो. त्याला सिमिटाच्या वड्याच लागतात, तार खोचलेल्या, म्हंजे त्या जाळीला बांधता येतात.

खारं पानी बांध फोडून आमच्या शेतात शिरलं आनि तीन वर्सं भात झाला नाय, तवा मी नालासोपाऱ्याला बिल्डिंगीच्या कामावर गेली. पयलं काम तेच, वड्या पाडायच्या. वनिता तवा दुधावर होती. दोन बांबूंना झोळी बांधून तिला खाली ठेवायची. मुकादमाला वाटायचं बाई वाकली की काम करते, म्हनून मी कंबर सरळ केलीच नाय. पुढं सात माळे घमेली वाहिली. किती बिल्डिंगी झाल्या ते मोजलं नाय. त्यातल्या एकीत पन मी राहिली नाय, आनि आता त्यांच्या खालनं जाताना वळखू पन येत नाय कुठली माझी.

बाईला मी बोलली, सिमिट आना, रेती आना, एक फळी द्या. सगळ्या वड्या एकसारख्या पाडल्या, तारा खोचल्या, पान्यात टाकल्या. बाईनं एक हातात घेऊन बघितली. "आजी, हे कुठं शिकलात?"

वनिता मागं उभी होती. ती बोलली, "तिनं मला ह्याच कामावर वाढवलंय."

माझं तोंड तवा खाली होतं, वडी तासत होती. पन ऐकलं. तीन दिवसांची पाहुनी होती मी, वड्या पान्यात आठवडाभर राहायच्या होत्या. मी राहिली. मनात बोलली, घर पुरं होऊ दे, मंग तिला नेऊ.

हललं ते

पाचव्या दिवशी हललं. दुपारचं जेवन झालं होतं. आधी आवाज येतो. लांब खानीत सुरुंग उडाल्यासारखा, पन पायाखालनं. मी वड्यांच्या टबाजवळ होती. टबातल्या पान्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, जशा तांदूळ पाखडताना सुपात उठतात. कुडाच्या भिंती करकरल्या. कौलं एकमेकांवर घासली. मी उठायला गेली तर पाय सापडेनात.

चिमी धावत आली, तिनं माझा हात धरून मला मोकळ्या अंगनात ओढलं आनि खाली बसवलं. "डोकं असं धर. शाळेत शिकवलंय. आजी, तू किती हळू गो." तोपर्यंत थांबलं पन होतं. कोंबड्या ओरडत होत्या. वनितानं चुलीवरचं भांडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ते तिनं खाली ठेवलं आनि पुन्हा भाकर थापायला घेतली.

कूड तसाच उभा होता. थोडी माती पडली. इहीनबाई बोलली, "काटक्या हायत ना आत. वाकते, पडत नाय." मी कुडाकडं बघितलं, मंग मागच्या जाळीकडं. दोन्हीत जीव मधल्या काटक्यांतच हाय.

संध्याकाळी मी वनिताला बोलली, "तुला भीती नाय वाटत?"

"वाटते."

"मंग चल की घरी."

ती बोलली, "कुठल्या घरी?"

मी उठून वड्यांच्या टबात पानी घातलं.

सिमिट पडलं

नवव्या दिवशी भिंती भरल्या. बाईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं: एकदा ओतायला सुरुवात केली की चारी भिंती भरेपर्यंत थांबायचं नाय. मधी थांबलं तर खालचं सिमिट घट्ट होतं आनि वरचं त्याला नीट धरत नाय. इहीनबाईनं कोंबडा कापला होता. तिकडची रीत, घर भरतं त्या दिवशी दुपारी सगळ्यांना कोंबडा. तो बारा वाजताच शिजला. वास सुटला. मानसं घमेली वाहतायत आनि सगळ्यांची नाकं चुलीकडं. एक जन बोलला, "बाई, अर्धा तास." बाई म्हणाली, "अर्ध्या तासात भिंतीचे दोन तुकडे होतील. कोंबडा कुठं पळतोय आता?"

चार वाजले. मी फळ्यांवर बाहेरनं लाकडी हातोडीनं ठोकत होती, आतली हवा निघावी म्हनून. आवाज बदलतो, पोकळ होता तिथं भरीव येतो. तो कानाला कळतो, शिकवावा लागत नाय. संपलं तवा कोंबडा गार झाला होता आनि सगळ्यांनी उभ्यानंच खाल्ला.

दोन दिवसांनी फळ्या काढल्या. राखाडी, गुळगुळीत. मी हात लावून बघितला. एका पन जागी जाळी दिसत नव्हती. माझ्या वड्या आत गेल्या होत्या.

देवळी

आता माझी चूक सांगते.

आमच्यात लेकीच्या नव्या घरात पयला दिवा आई लावते. दारातनं आत शिरताना उजव्या हाताला, भिंतीत कोनाड्यासारखी देवळी असते, त्यात. माझ्या आईनं माझ्या घरात लावला, तिच्या आईनं तिच्या. वनिताच्या लग्नाला मी नव्हती, हळद लावली नाय, ओटी भरली नाय. एवढं एक राहिलं होतं. म्हनूनच दिवा आनला होता.

मी रमेशला देवळीचं आधीच विचारलं होतं. त्यानं बाईला विचारलं. बाई म्हणाली, "आजी, ह्या भिंतीला पोट नाही. कुठं खोदणार? खिळासुद्धा मला विचारून मारायचा." इहीनबाईला पन खुंटी पाहिजे होती टोपली टांगायला, ती पन नाय मिळाली. ती चार दिवस कुरकुरत होती.

फळ्या काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तलासरीचा बाजार होता. सगळी गेली. इहीनबाई तेवढी पाड्यात कुनाकडं बसायला गेली. मी एकटी. भिंत अजून कोवळी होती. मला वाटलं, तीन बोटं खोल, वितीएवढी रुंद. मातीच्या भिंतीत आमी कोयत्यानं देवळी कोरतो, तिला काय होतं? परत लिंपली की झालं. मी छन्नी घेतली.

दाराच्या कडेला, उजव्या हाताला. जिथं बाईनं मला उभी करून सांगितलं होतं, बरोबर तिथं.

दोन बोटं गेल्यावर छन्नी गजावर वाजली. तवा थांबायला पाहिजे होतं. मी गज बाजूला केला. कडी वाकली. मंग कडेपर्यंत एक बारीक रेघ गेली, केसासारखी. मी ती बघत उभी राहिली. मंग तिच्यावर ओलं गोनपाट टाकलं, जसं बाकी भिंतीवर टाकलेलं होतं, आनि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी बाई आली. गोनपाटं उचलून बघत फिरली. ह्या जागी आली आनि थांबली. मंग विचारलं, "हे कुणी केलं?"

सगळ्यांनी इहीनबाईकडं बघितलं.

"मी नाय," ती बोलली.

रमेश बोलला, "आये, चार दिवस खुंटी खुंटी कोन करत होतं? काल घरी तू आनि वनिताची आई. त्यांनी देवळीचं पुन्हा काढलं पन नाय."

"मी नाय बोलली ना."

"मंग काय उंदरानं खोदलं?"

मी तिथंच होती. हातात पान्याची बादली. माझी जीभ उचललीच नाय. इहीनबाईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं असनार, माझ्या हाताला छन्नीचा फोड होता. पन ती काय बोलली नाय, कुडात जाऊन बसली. संध्याकाळी जेवली नाय. वनितानं तिची भाकर झाकून ठेवली.

मी माझी भाकर खाल्ली. खाल्ली म्हंजे चावली.

सकाळी बाई परत येनार होती, काय करायचं ते सांगायला. मी उजाडताच उठली, अंगनात सगळी चाय पीत होती. मी उभ्यानंच बोलली, "भिंत मी खोदली. देवळीसाठी. काल बोलायला पाहिजे होतं, बोलली नाय."

रमेश आईकडं बघायला गेला, त्याला बघवेना. इहीनबाईनं कप खाली ठेवला. "काल माझी भाकर राहिली," ती मला बोलली. "आता दोन भाज. आनि ते मेलेलं केळं असेल तर ते पन दे."

मी दोन भाजल्या. जाड झाल्या, नागली मला जमत नाय. तिनं खाल्ल्या.

पट्टी

बाईनं माझ्यावर आवाज चढवला नाय. चढवला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दाराकडची पट्टी खालपासून वरपर्यंत काढावी लागेल, आजी. गज न तोडता. नुसतं भोक बुजवलं तर वरनं छान दिसेल आणि हलल्यावर तिथूनच जाईल."

मी बोलली, "मी काढते."

"तुम्ही?"

"छन्नी माझ्या हातात बसलीय आता."

स्लॅब अजून पडला नव्हता म्हनून निभावलं. दोन दिवस मी आनि वनिता ती पट्टी फोडत होतो. हळू, गजाला न लावता. तोंडावर फडकं बांधून. पयला दिवस तसाच गेला. नुसती ठकठक. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हात न थांबवता बोलली, "परवा गप बसलीस."

"हो."

"त्या दिवशी पन गप बसलीस. बाबा बोलला तवा."

"हो."

"चूल पेटलेली होती, आये. जाळ चांगला होता. तरी फुंकत होतीस."

मला वाटलं होतं की तिला ते दिसलं नसेल. मी छन्नी खाली ठेवली. काय सांगायचं होतं? भीती वाटली, एवढंच खरं होतं. नवरा मारकुटा नव्हता. पन त्याच्यापुढं बोलायची सवय मला कधी लागलीच नाय, आनि ज्या दिवशी पाहिजे होती त्या दिवशी कुठनं आनू? तेच मी तिला सांगितलं. "सवय नव्हती गो."

तिनं धूळ झटकली. "काल बोललीस ना."

"काल बोलली."

"सगळ्यांपुढं."

"हो."

ती पुन्हा ठोकायला लागली. मी पन. संध्याकाळपर्यंत दुसरं काय झालं नाय.

पट्टी निघाली. वाकलेली कडी काढून नवी बांधली, माझ्याच उरलेल्या वड्या लावल्या. जुन्या सिमिटाची कड खरबरीत करून, धुऊन, मंग बारीक खडीचं सिमिट भरलं. ह्या वेळी हातोडीनं ठोकायला वनिता होती. मी नुसती ऐकत होती, आवाज कुठं बदलतो ते.

दिवा मी दाराच्या आत जमिनीवर लावला. इहीनबाईनं वाऱ्याला आडोसा म्हनून पुढं सूप धरलं. तिला हात दुखेपर्यंत धरावं लागलं, वारा होता. चिमीनं विचारलं, आता घर झालं का. वनिता बोलली, छप्पर कोन तुझा मामा घालनार? तवा मला आठवलं, चिमीला मामा नाय. म्हंजे वनिताला माहेरी न्यायला येनारा भाऊ नाय, ते मला एकटीलाच करायचं होतं.

सतराव्या दिवशी सकाळी मी लुगडं नेसून, पिशवी घेऊन अंगनात उभी राहिली. रमेश होता, इहीनबाई होती, कामावरची मानसं होती. मी मोठ्यानं बोलली, कारन हळू बोललेलं मोजलं जात नाय. "वनिता, मी तुला न्यायला आली हाय. माहेरी चल."

तिनं ओले हात पदराला पुसले. इहीनबाईकडं बघितलं. इहीनबाई बोलली, "माझ्याकडं काय बघतेस? तुझी आई हाय." रमेश बोलला, "जा की."

वनिता बोलली, "आज नाय जमनार, आये. नव्या पट्टीला पानी मारायचं हाय. बाईंनी चौदा दिवस सांगितलेत, दिवसातनं चार वेळा. दुसऱ्याच्या हाती नाय द्यायची मी."

मी मान हलवली. टमटमपर्यंत ती मला सोडायला आली. वाटेत मोहाची फुलं पडलेली, ती वेचून तिनं माझ्या पिशवीत घातली. टमटम सुरू झाली तवा बोलली, "हात दुखले तर लसनाचं तेल लाव."

घरी

एस.टी. सातिवलीवरनं आली तवा मी ह्या वेळी खिडकीतनं बघितलं. गाळे तसेच हायत, पाट्या बदलल्या.

आळीतल्या बायका विचारतात, नाय ना आनलीस लेकीला? मी सांगते, काम हाय तिला. त्या माझ्याकडं अशा बघतात जसं मी झाकतेय काहीतरी. मी ओटी सारवून घेतली. तिची जुनी गोधडी उन्हात टाकली. तिला लागतात ते ताजे बोंबील सुकवायला टाकले. मांजरापासनं राखायचं म्हंजे दिवसभर बसावं लागतं, तर बसते. रात्री हातभर जाड भिंतीकडं तोंड करून झोपते आनि मला वाटतं, ही किती जड हाय.

पट्टी भरल्याला आज नववा दिवस. सकाळी तिचा फोन आला. आधी चिमी बोलली, मंग ती.

मी विचारलं, "भिंत सुकली?"

"सुकू देत नाय ना. आत्ताच मारलं पानी." मागं बादलीचा आवाज आला. "बाई बोलल्या, नऊ दिवस पन पुरतील कदाचित. तू बोललीस तर उद्या निघते."

अकरा वर्सं मी हेच ऐकायला थांबली होती. बोंबलांवर मांजर आलं, ते पन मी हाकललं नाय.

"नको," मी बोलली. "चौदा पुरे कर. दुपारचं चुकवू नको, ऊन लागतं तिकडच्या बाजूला."